क्लच किती जड आहे, हे गिऱ्हाइकाला आधी कळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मोटारसायकल घेताना ती लिटरमागे किती किलोमीटर धावते, हे आपण एआरएआयच्या (गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या) आकड्यासह तोंडपाठ सांगतो; परंतु तिचा क्लच दाबायला डाव्या हाताने किती जोर लावावा लागेल आणि लिव्हर गाठण्यासाठी बोटे किती ताणावी लागतील, हे जाहिरातीत तर नसतेच, माहितीपत्रकातही नसते. स्वारगेटहून हडपसरला रोज संध्याकाळी परतताना क्लच किती वेळा दाबला जातो, ते मी एकदा मोजायला घेतले आणि रामटेकडीच्या अलीकडेच, दीडशेच्या पुढे गेल्यावर, नाद सोडला.

गेल्या पावसाळ्यात माझा डावा अंगठा बुडाशी ठणकू लागला, तेव्हा गाडी जेमतेम वर्षाची होती. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार केली, तर "नवी गाडी आहे काका, हात बसेल" असे उत्तर मिळाले. शेवटी गल्लीतल्या गॅरेजवाल्याने हँडल एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे वळवून क्लच दाबून पाहिला. एका बाजूला लिव्हर चक्क अडखळत होता. हँडलच्या मानेपाशी केबल पट्टीने इतकी आवळली होती की तिला काटकोनात वळण पडले होते, आणि आतल्या तारेचे दोन पदर तुटून बाहेरच्या आवरणाला घासत होते. त्याने नवी केबल मोकळ्या वळणाने नेली, लिव्हरचा क्लॅम्प सैल करून तो किंचित खाली फिरवला, म्हणजे मनगट न मुडपता हात सरळ रेषेत राहतो, आणि लिव्हरच्या टोकाशी सुमारे १० मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, ठेवला. मी टूलरूमचा माणूस असल्याने स्प्रिंगचा काटा लिव्हरला अडकवून आधी आणि नंतर ओढून पाहिले होते: सहा किलोच्या आसपास लागणारा जोर साडेचारावर आला.

क्लच हलका करण्याचे सगळेच उपाय इतके सरळ नसतात, हे मान्य आहे. केबलचे टोक लिव्हर ज्यावर फिरतो त्या खिळीजवळ घेतले की जोर कमी लागतो, पण तार कमी सरकते, क्लचच्या प्लेटा पुरत्या सुटत नाहीत आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. प्लेटा आवळणाऱ्या स्प्रिंगा मऊ घातल्या तर चढावर क्लच घसरतो. हल्ली दिसायला छान म्हणून बसवले जाणारे दोन बोटांचे आखूड लिव्हर तर तरफेचा दांडाच कमी करतात, म्हणजे पैसे देऊन क्लच जड करून घेण्यातला प्रकार. केबलमध्ये जाड ग्रीस भरण्याची सवयही घातक आहे. आत प्लास्टिकचे अस्तर असलेली केबल त्याने उलट चिकटते. यावरचे खरे उत्तर असिस्ट क्लचचे आहे. त्यातल्या उतरत्या कडा इंजिनाच्याच ओढीने प्लेटा आवळतात, त्यामुळे मऊ स्प्रिंगांवर काम भागते. पण शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत, ज्यांवर दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे दिवस काढतात, तो सहसा मिळत नाही.

लिव्हरच्या अंतराचेही तसेच आहे. महागड्या गाड्यांवर एक छोटी चकती फिरवून लिव्हर मुठीच्या जवळ-लांब करता येतो. ही काही अवकाशविद्या नव्हे. खिळीपाशी एक खाचांची चकती, इतकेच. माझ्या मुलीकडे गिअरच्या गाडीचा परवाना आहे. माझ्या गाडीवर तिच्या बोटांची केवळ पेरे लिव्हरपर्यंत पोहोचतात, आणि अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी चौकात गचका खाऊन बंद पडते. मागून पीएमपीची बस येत असताना हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

१२५ सीसीवरील दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत मागे बसणाऱ्याच्या हाताला धरायला कडी हवी, पायाला टेकू हवा आणि चाकाला झाकण हवे, हेही लिहिलेले आहे. पुढे बसून गाडी हाकणाऱ्याच्या डाव्या हाताचा विचारही व्हायला हवा. एआरएआयसारखी संस्था १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे आणि मोटारसायकलींचे मोठे कारखाने चाकणला आहेत, त्यामुळे ही मागणी पुण्यातूनच व्हावी, असे मला वाटते. कंपन्यांनी मायलेजच्या शेजारी क्लच दाबण्याचा जोर किलोत आणि मुठीपासून लिव्हरचे अंतर मिलिमीटरमध्ये छापावे, अंतर बदलणारा लिव्हर कमी किमतीच्या गाड्यांनाही निदान जादा पैसे घेऊन द्यावा, आणि पहिल्या मोफत सर्व्हिसिंगच्या यादीत हँडल दोन्हीकडे वळवून क्लच तपासण्याची एक ओळ घालावी. त्या तपासणीला अर्धा मिनिटही लागत नाही. आमच्या गॅरेजवाल्याने ती तोंडातला तोबरा न थुंकता केली होती.

आपला,
एक दुचाकीस्वार, हडपसर, पुणे