एडिसनच्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण न्यू जर्सीतल्या एडिसन परिसरातली बरीच मराठी मंडळी तुम्हाला ओळखतील, आणि ओळखावंच असं मला वाटतं.

15 जून 2012 ला ओबामांनी डाका (DACA, म्हणजे लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना देणारी योजना) जाहीर केलं तेव्हा मी बारावीत जायची होते. 8 वर्षांची असताना आईबाबांबरोबर व्हिजिटर व्हिसावर आले, आय-94 या प्रवेशाच्या नोंदीवरची मुक्कामाची शेवटची तारीख उलटली आणि आम्ही परत गेलोच नाही. घरात या विषयाचा उच्चारही होत नसे. 16 वर्षांच्या आत आलेली, शाळेत शिकणारी, गुन्ह्याची नोंद नसलेली, एवढ्या अटींत मी सहज बसत होते. अडलं ते पुराव्याशी. 15 जून 2007 पासून मी सलग इथेच राहते हे कागदांनी दाखवायचं होतं, आणि आमचा संसार तर कुठे कागद मागे राहू नये अशाच बेताने चाललेला. भाडं रोख, बाबांचा पगार रोख, विजेचं बिल घरमालकाच्या नावावर.

रविवारच्या मराठी शाळेनंतर तुम्ही आईला बाजूला घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "पोरीचे कागद कुठे ठेवता?" आई रडायला लागली. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी फायली घेऊन घरी आलात.

शाळेच्या नोंदी सप्टेंबर ते जूनपर्यंतच्या होत्या. दर वर्षीचे जुलै-ऑगस्ट कोरे. तुम्ही आलेखाच्या वहीत एकेक महिना आखलात आणि रिकाम्या चौकोनांच्या मागे लागलात. कुठे लसीकरणाची नोंद सापडली, कुठे दातांच्या डॉक्टरची पावती, कुठे लायब्ररीचं उन्हाळी वाचनाचं प्रमाणपत्र. 2009 चा ऑगस्ट काही केल्या भरेना. मग तुम्ही मंडळाच्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका शोधून काढलीत. लेझीम पथकात माझं नाव छापलेलं होतं! पत्रिका मराठीत, म्हणजे इंग्रजी भाषांतर जोडणं भाग. ते तुम्हीच टाइप केलंत आणि भाषांतरकार म्हणून खाली स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता घालून सही केलीत.

त्या सहीसाठी मी सर्वांत जास्त ऋणी आहे. "कशाला दुसऱ्यांच्या भानगडीत पडता?" असं लोक तुम्हाला तोंडावर म्हणत होते. ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबलेली माणसं होती ती, त्यांचा राग मला समजतो. त्यांची एच-4 वरची (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावरची) मुलं 21 वर्षांची झाली की आईवडिलांच्या व्हिसातून बाहेर पडतात, आणि कायदेशीर राहत होती म्हणूनच डाकात बसली नाहीत. हाही अन्यायच. तुम्ही स्वतः त्याच रांगेतून आलात, तरी एका मुलाचं दुःख दुसऱ्याच्या दुःखावर तोललं नाहीत. 465 डॉलर फीही तुम्हीच भरलीत. बाबा परत द्यायला आले तर चहा पाजून पाठवलंत.

कामाच्या परवान्याचं कार्ड आलं. सोशल सिक्युरिटी नंबर, लायसन्स, नोकरी सगळं त्यामागून आलं. आज मी एका बांधकाम कंपनीचे हिशेब बघते. दर दोन वर्षांनी नूतनीकरण असतं, आणि तेवढ्यापुरतीच पुढची खात्री.

धाकट्या भावाचं मात्र तसं झालं नाही. तो कडेवर आला होता. अर्जासाठी लागणारी वयाची 15 वर्षं भरली तोवर 2017 च्या सप्टेंबरात ट्रम्प सरकारने नवे अर्ज बंद केले होते. 2020 च्या डिसेंबरात कोर्टाच्या हुकुमाने ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा तुम्ही वही काढलीत, त्याचेही चौकोन भरलेत. जुलै 2021 मध्ये टेक्सासच्या न्यायाधीशांनी नव्या अर्जांची मंजुरी थांबवली, आणि त्याचा अर्ज तसाच पडून राहिला. तो खचला तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी त्याला फोन करायचात. काय बोलायचात ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही, पण तो कॉलेजला जायला लागला.

त्याच्याकडूनही नमस्कार. आईने पुरणपोळ्या केल्यात, शनिवारी घेऊन येतो. गुडघा सांभाळा.

तुमची,
मराठी शाळेतली विद्यार्थिनी