ड्युटीवरचा ईस्टर

अहिल्यानगर,
सोमवार, ६ एप्रिल २०२६

प्रिय करुणा,
प्रेमाचा सलाम.

काल सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी चर्चच्या अंगणात होतो. संडे स्कूलची पोरं रंगवलेली अंडी शोधत नुसता गोंधळ घालत होती. निम्मं तुझ्या शब्दांतून कळलं, निम्मं आवाजावरून. तू म्हणालीस, "पप्पा, तुम्ही तिकडे कबरस्थानात गाणी म्हणत होता ना, तेव्हा मी इकडे वॉर्डात सहा नंबरच्या बेडवरच्या आजोबांचे डोळे मिटत होते." आणि मी काय विचारलं? "चहा घेतलास का?" बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, दिवसाला पाच-पाचशे माणसांशी बोललो, पण स्वतःच्या लेकीपुढे तोंडातून एवढंच निघालं.

रात्री झोप लागली नाही, म्हणून ही वही काढली. मोबाईलवर टाइप करत बसलो तर पुढचा ईस्टर उजाडेल. अक्षर आमच्या तिकिटांच्या हिशेबाच्या वेबिलासारखं आहे, तू लावून घेशील.

आधी घरची हकीकत. यंदा गंमत झाली. हनुमान जयंती आणि प्रभुभोजनाचा गुरुवार एकाच दिवशी आले. पहाटे मारुतीच्या देवळातल्या घंटांनी जाग आली. शेजारच्या वहिनींनी सुंठवडा दिला, तो मम्मीने नि मी खाल्ला आणि संध्याकाळी प्रभूच्या मेजाला गेलो. परतताना चंद्र एवढा मोठा होता की मम्मी रस्त्यातच उभी राहिली. तुझ्या आजीला कॅलेंडर लागायचं नाही. चैत्री पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, असं तिचं गणित. ते बहुतेक वेळा बरोबरच यायचं, कारण यहुद्यांचा वल्हांडण हा पौर्णिमेचा सण आणि आपला सगळा हिशेब त्याच्यामागून चालतो. खरा नियम २१ मार्चपासून पुढच्या पहिल्या पौर्णिमेचा, त्यामुळे कधीकधी आजीचं गणित चुकतं. २०२४ ला होळीच्याच पौर्णिमेनंतर ३१ मार्चला ईस्टर आला होता. त्या वर्षी आजी असती तर पाळकसाहेबांशी भांडली असती.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना. प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचव्यावर बोलणं यंदा माझ्याकडे होतं, "मला तहान लागली आहे." चार पानं लिहून नेली होती. एप्रिलचं ऊन, उपाशी मंडळी, पंखे नुसते आवाजाला. उभा राहिलो, पहिलं पान वाचलं आणि कागद खाली ठेवला. तू मागे सांगितलं होतंस, ज्यांना पाणी गिळता येत नाही त्यांचे ओठ तुम्ही ओल्या कापसाने पुसता. तेच सांगितलं. वधस्तंभाखाली कुणीतरी स्पंज आंबेत, म्हणजे आंबलेल्या द्राक्षरसात, बुडवून प्रभूच्या ओठांना लावला, आणि आजही कुठल्यातरी वॉर्डात रात्री तीन वाजता कुणीतरी तेच करत असतं. तुझं नाव घेतलं नाही, पण मम्मीने पदर डोळ्यांना लावला तशी पुढच्या तीन बाकांना कळलंच. चार मिनिटांत खाली बसलो. लोकांनी नंतर हात हातात घेतले. मला वाटतं, लवकर संपवलं म्हणून.

आणि काल पहाटे साडेचारला फेरी निघाली. पेटीचा एक सूर अडकला होता, दर ओळीला कुईं करायचा. कबरस्थानात वारा होता. आजीच्या कबरीवर मेणबत्ती तीनदा लावली, तीनदा विझली. चौथ्यांदा मम्मीने तिच्याभोवती विटा मांडल्या. मग "प्रभू उठला आहे" असं पाळकसाहेब म्हणाले आणि आम्ही सगळे "खरोखर उठला आहे" म्हणालो. तू सांगितलेली वेळ जुळवून पाहिली. नेमकी तीच वेळ होती.

आता मुद्द्याचं. फोनवर तू दोनदा सॉरी म्हणालीस. एकदा यायला जमलं नाही म्हणून, आणि एकदा "मला आज ते शब्द म्हणवत नाहीत" म्हणून.

पहिल्या सॉरीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. माझे किती ईस्टर बसमध्ये गेले हे तुला मम्मी सांगेल. तिने मोजलेत, मी नाही. १ जून १९४८ ला पहिली एसटी आपल्या नगरहून पुण्याला सुटली, असं डेपोत आम्ही छाती फुगवून सांगायचो. पण ती एसटी रविवारी थांबत नाही, सणाला तर दुप्पट पळते. तू सात वर्षांची असताना तुझं ईस्टरचं पाठांतर होतं. पांढरा फ्रॉक शिवला होता. माझी साप्ताहिक सुट्टी ऐनवेळी रद्द झाली. रात्री कॅश जमा करून अकराला घरी आलो, तर तू फ्रॉकमध्येच झोपली होतीस. सकाळी म्हणालीस, "चर्चमध्ये सगळ्यांचे पप्पा होते." एवढंच. रागावली असतीस तर बरं झालं असतं. तेव्हा बाळा, माझ्यासमोर तू गैरहजेरीची माफी मागावीस, हे काही मला पेलत नाही.

पण बसमधले ते ईस्टर वाया गेले, असंही मी म्हणणार नाही. एक सांगतो, पूर्वी सांगितलं असेल तर पुन्हा ऐक. नेवासे तालुक्यातली मुक्कामी गाडी. रात्री गावात झोपायचं, पहाटे साडेपाचला निघायचं. ड्रायव्हर माळकरी होते. त्यांची एकादशी आणि माझे उपवासकाळातले शुक्रवार, दोघांच्या डब्यांचा नेहमी घोळ. त्या रविवारी गाडीत दूधवाले, दोन-तीन प्रवासी आणि पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी. मी तिकिटं फाडता फाडता रेव्हरंड टिळकांचं एक गीत गुणगुणत होतो. चाल अभंगाची, त्यामुळे ड्रायव्हरने स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला. गीत संपलं तशी म्हातारी म्हणाली, "मास्तर, दुसरं कडवं चुकलं." आणि तिने ते कडवं स्पष्ट आवाजात, सबंध गाडीला ऐकू जाईल असं म्हणून दाखवलं. वस्तीवरून अंधारात चालत आली होती, वडाळ्याला उपासनेला निघाली होती. उतरताना पायरीवर थांबली आणि म्हणाली, "प्रभू उठला, मास्तर." मी म्हणालो, "खरोखर उठला, आजी," आणि डबल बेल दिली. ड्रायव्हरने गाडी पुढे काढेपर्यंत उगाच दोन क्षण घेतले. त्या वर्षीची माझी उपासना तेवढीच. दुसरं कडवं त्यानंतर कधी चुकलेलं नाही.

रिटायर झाल्यावर शुभवर्तमानं सलग वाचली, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उठल्यावर प्रभू मंदिरात एकदाही दिसत नाही. बागेत दिसतो, तिथे मरीया त्याला माळी समजते. अम्माऊसच्या रस्त्यावर दोघे नाराज होऊन निघालेत, त्यांच्याबरोबर अकरा-बारा किलोमीटर चालतो. भीतीने दारं लावून बसलेल्यांमध्ये येऊन उभा राहतो. (हे आपल्याला २०२० ला कळलं. १२ एप्रिलचा ईस्टर, चर्चला कुलूप, आणि मी लुंगीवर उपासना घेतली होती. मम्मी अजून त्यावरून बोलते.) समुद्रकाठी रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांसाठी निखाऱ्यावर मासे भाजून ठेवतो आणि "या, न्याहारी करा" म्हणतो. नाईट करून आलेल्या माणसांना त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर खायला काही आहे का! तेव्हा माझ्या "चहा घेतलास का"ची एवढी लाज बाळगायला नको, असं आता वाटतं.

दुसरं सॉरी अवघड आहे. त्याचं मला नीट सांगता येणार नाही, पण प्रयत्न करतो.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या, कबरेकडे निघालेल्या त्या तिघी आठव. मरीया मग्दालीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. ईस्टरच्या चित्रांत त्या अशा उजळ चेहऱ्याने चाललेल्या दाखवतात, जणू सण साजरा करायला निघाल्यात. तसं काही नव्हतं गं. त्या एका मेलेल्या माणसाचं शेवटचं करायला निघाल्या होत्या. सुगंधी द्रव्यं विकत घेतली होती, अंगाला लावायला. म्हणजे तुझंच काम. डोळे मिटायचे, अंग पुसायचं, चादर नीट करायची. त्यात कबरेच्या तोंडाशी धोंड. ती कोण लोटील, असं वाटेत एकमेकींना विचारत होत्या, पण विचारत विचारत चालत होत्या. धोंडेची सोय लागल्याशिवाय निघायचं नाही, असं शहाण्या पुरुषांनी ठरवलं असतं. ते अकरा शिष्य घरातच होते.

आणि दूताचं ऐकल्यावर त्या नाचत नाहीत. त्यांना कापरं भरतं, पळत सुटतात, आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण भ्यालेल्या असतात. मार्कने हे लपवलं नाही, याचं मला फार बरं वाटतं. पहिल्या ईस्टरला पहिल्या साक्षीदारांच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. मग तुझ्या का फुटावा? आम्ही कबरस्थानात दोनशे जण होतो. तुझ्या वाटचं आम्ही म्हटलं. मंडळी आणखी कशासाठी असते?

त्या आजोबांचं पुढे काय, तीन रात्री तू एवढं केलंस तरी ते का गेले, हे मला विचारू नकोस. माझा विश्वास आहे, माहिती नाही. आजीची मेणबत्ती तीनदा विझली तेव्हा चौथ्यांदा काडी का ओढली, त्याचंही मला कारण देता येणार नाही.

त्यांचं नाव मात्र कळव. येत्या रविवारी प्रार्थनेत घेईन. हॉस्पिटलच्या नियमात बसत नसेल तर राहू दे, "सहा नंबर" म्हणेन.

मम्मी म्हणते, पत्र पुरे, तिला झोपू दे. मटण छान झालं होतं, भाकऱ्या तिनेच थापल्या. तुझ्यासाठी मागे काही उरलं नाही, तुझा भाऊ मित्र घेऊन आला होता. शेवयांची खीर तेवढी होती, ती आज सकाळी मी संपवली.

येत्या रविवारी, १२ तारखेला, थोमा या शिष्याचं वाचन आहे. तो पहिल्या रविवारी इतरांबरोबर नव्हता. कुठे गेला होता ते योहान सांगत नाही. माझा अंदाज, ड्युटी असणार. आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला, आणि त्या वेळी थोमा हजर होता. तुझा ऑफ कधी आहे ते बघ. रविवार जमला तर उत्तम. नाही जमला तर मंगळवार, बुधवार, कुठलाही वार चालेल, मम्मी मटण पुन्हा आणणार आहे. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघालीस तर पहाटे स्टँडवर मी असेन. खिडकीची सीट घे, मागच्या चाकावरची नको.

तुझे,
पप्पा