फर्निचरच्या कामाला परवानगी देताना थिनरचं पण विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोलशेतला राहते. इथे नवीन टॉवरमध्ये कुठल्या ना कुठल्या मजल्यावर सुतारकाम चालूच असतं. गेल्या महिन्यात आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये मेलामाइन पॉलिश मारत होते, धूळ बसू नये म्हणून खिडक्या सगळ्या बंद, आणि त्याच घरात किचनच्या फरशीवर ठेवलेली छोटी शेगडी कामावरच्या एका पोराने चहासाठी पेटवली. पॉलिश हॉलमध्ये, शेगडी तिथून चांगली पंधरा फूट लांब, तरी भपकन जाळ झाला. घाबरून कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं तर आग आणखी पसरली, कारण पॉलिश पातळ करायला त्यात घालतात ते थिनर पाण्यावर तरंगतं. पोराचे दोन्ही पाय पोटरीपर्यंत भाजलेत. एकोणीस-वीस वर्षांचा असेल, अजून नीट चालता येत नाही त्याला.

सगळे म्हणाले त्याचाच निष्काळजीपणा. मला हे अजिबात पटत नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते हे त्याला कुणी सांगितलं होतं? मला तरी कुठे माहीत होतं, शेजारचे काका रंगाच्या कंपनीतून रिटायर झालेत, त्यांनी समजावलं. थिनरमध्ये टोल्युईन असतं ते ४ अंशालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, अ‍ॅसिटोन तर उणे २० अंशाला. म्हणजे आपल्याकडे बाराही महिने धोका, आणि काडीच लागते असं नाही, स्विचची ठिणगी पुरते, देवघरातलं निरांजन पुरतं. सनमायका चिकटवायचं ते पिवळसर सोल्युशन पण त्यातलंच. पांढरा फेविकॉल किंवा भिंतीचा इमल्शन रंग पाण्यातला असतो, त्याची ही भीती नाही.

आणि एक, अळशीच्या तेलाने दारं पुसली की ते कापडाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकू नका. ते तेल हवेने वाळताना तापतं आणि ढिगात ती उष्णता साठून बोळा आपोआप पेटतो. फिलाडेल्फियात १९९१ साली वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत अशाच बोळ्यांनी पेटली, तीन फायरमन गेले. बोळे उघड्यावर सुटे सुटे पसरून वाळवायचे नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावायचं.

आता मुद्द्याचं. आमच्या सोसायटीचा इंटिरियरच्या कामाचा एनओसी फॉर्म दोन पानी आहे. डिपॉझिट, डेब्रिज, दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, सगळं आहे, पण थिनरचा एक शब्द नाही. किती लिटर आणणार, रात्री कुठे ठेवणार, पॉलिशच्या दिवशी स्वयंपाक कुठे होणार, काही नाही. माणसं तिथेच झोपतात कारण त्यांना दुसरीकडे जागाच नसते, त्यांना दोष कसा द्यायचा? त्या फ्लॅटमधल्या स्मोक डिटेक्टरला तर धूळ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिक बांधलेलं होतं! जानेवारी-जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरताना लॉबीतले आग विझवायचे सिलिंडर तपासतात, काम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये एकही नसतो.

म्हणून मी कमिटीला लेखी दिलंय: एका दिवसापुरताच थिनर वर आणायचा, पाण्याच्या बाटलीत भरायचा नाही, पॉलिशच्या वेळी खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद, पावडरचा सिलिंडर दाराशी, कामगारांचा चहा-जेवण खाली सोसायटीच्या खोलीत. येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये विषय आहे. महापालिकेच्या अग्निशमन दलाने असा एक नमुना मराठी-हिंदीत काढून सगळ्या सोसायट्यांना पाठवला तर फार बरं होईल, हिंदी तर हवीच, कारण वाचायचं त्या पोरांनी आहे.

एक गृहिणी,
कोलशेत, ठाणे पश्चिम