आशिष, थाळी पुढे सरकवलीस त्याबद्दल

चि. आशिषला आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "बरं आहे", "जेवलो" यापलीकडे जात नाहीस, म्हणून कागद घेतला. मोठ्या वहिनींचा भाऊ उद्या संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघतो आहे, त्याच्या हाती पत्र देते. सोबत तुरीची डाळ आणि जवसाची चटणी आहे.

रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी मी तुझ्या मागच्याच ओळीत होते, सुवार्ताजवळ. भाकरीची थाळी आली, तू ती दोन्ही हातांनी धरलीस, तिच्याकडे बघत राहिलास आणि न घेता पप्पांकडे सरकवलीस. प्याल्यांचा ट्रे आला तेव्हाही तेच. उपासना सुटली आणि तू घरी जेवायलाही न थांबता दुपारच्या एसटीनं निघून गेलास. पप्पा दिवसभर काही बोलले नाहीत. रात्री फक्त म्हणाले, "त्याला विचारू नको, त्याचा तो सांगेल." मी दोन दिवस गप्प राहिले. आता होत नाही.

तुला रागावायला लिहीत नाही. सवयीनं हात पुढे करून घेणारे आपल्या मंडळीत कमी नाहीत. तू थांबलास, स्वतःकडे पाहिलंस, हे तुझ्यात आहे याचं मला बरं वाटलं, खरंच. पण पुढे काय? पुढे तू त्या खोलीत परत गेलास, आणि तुझा जोडीदार रात्रपाळीला. रात्री तू एकटाच असतोस का? झोप लागते का?

किसनभाऊंचंच आहे ना मनात? दुसरं काही असेल तर ते मला माहीत नाही, पण तेच असणार. तू फोनवर त्यांचं नाव काढत नाहीस त्यावरूनच मी ओळखलं.

तर मग ते सरळच बोलू. झालं ते झालं नाही, असं मी म्हणणार नाही. वारं सुटलं होतं. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पप्पा तापानं पडलेले, तुला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून तू शनिवारी भर दुपारी मजुरीला आलेल्या किसनभाऊंना फवारणीचा पंप भरून दिलास. कृषी केंद्रवाल्यानं दोन औषधं एकत्र करायला सांगितली आणि तू केलीस. चष्मा, मास्क आणि हातमोजे पप्पांनी 2017 नंतर आणून ठेवले होते, ते पडवीत खिळ्याला टांगलेलेच राहिले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर माणसं गेली, हे या घरात कोणाला सांगावं लागत नाही. तुलाही माहीत होतं. घाई होती, एवढंच. किसनभाऊ बांधावर बसले ते त्यांना उठताच येईना. तोंडाला फेस आला.

हे तू देवासमोर मांडलंस तर ते खरं आहे, बाळा. त्याला पाप म्हणायचं असेल तर म्हण, मी अडवणार नाही. लोक तुला समजावतील की दुकानदाराची चूक, कंपनीची चूक, किसनभाऊंनीच रुमाल बांधायला हवा होता. त्यांच्या बोलण्यात अर्धं खरंही असेल. पण तुला त्या अर्ध्या खऱ्यानं शांती मिळणार नाही, हे मी तुला लहानपणापासून ओळखते म्हणून सांगते.

मात्र त्या दिवशीचं बाकीचंही खरं आहे आणि ते तू धरत नाहीस. तूच त्यांचे कपडे काढून हातपंपावर साबणानं अंग धुतलंस. तूच जीप बोलावलीस. सरकारी दवाखान्यात खिडकीपाशी डॉक्टरनी विचारलं, काय फवारलं, तेव्हा तू पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून टेबलावर ठेवल्यास आणि म्हणालास, मी मिसळून दिलं. मी मागे उभी होते. डॉक्टर म्हणाले, हे लगेच कळलं ते बरं झालं, नाही तर आमचा वेळ जातो. अशा वेळी मालक बाटल्या उकिरड्यात टाकतात आणि "उन्हानं चक्कर आली" म्हणून सांगतात, हे मी अंगणवाडीत बसून इतक्या घरांचं ऐकलं आहे. तू तसं केलं नाहीस. आत्मपरीक्षा करायची तर ही ओळही वहीत लिहावी लागते.

आता वचनाचं. जो अयोग्य रीतीनं भाकर खातो तो दोषी, हे पौलाचं वचन तुझ्या डोक्यात बसलं आहे, मला ठाऊक आहे, पाळक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तेच वाचतात. पण ते पुरतं वाच. माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, असं तो लिहितो. परीक्षा करावी आणि उठून जावं, असं नाही. आणि करिंथच्या मंडळीला तो कशावरून रागावला होता, ते त्याच अध्यायात वर आहे. ज्यांच्या घरी भरपूर होतं ते आधीच जेवून घेत आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहत. गरिबाला खाली पाहायला लावून प्रभूच्या मेजाशी बसणं, हा त्यांचा अयोग्यपणा. म्हणजे तुझी वाट थाळीपासून दूर जात नाही, किसनभाऊंच्या दारातून जाते. प्रभूनंच सांगितलं आहे, वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. "मग ये" हेही त्यानंच म्हटलं आहे.

मी पुन्हा सुवार्तिकासारखी बोलायला लागले. तुला लहानपणी हे आवडत नसे, चादर तोंडावर ओढून घ्यायचास. माफ कर. पण कागदावर तू मध्येच "हो हो" म्हणून फोन ठेवू शकत नाहीस, म्हणून थोडं जास्त होतं आहे.

आजोबांची प्रार्थना तुला आठवते का? तू सहा-सात वर्षांचा असशील. त्याच्या कितीतरी आधी, 1983 मध्ये, पाळक घडवणारी सेमिनरी यवतमाळहून पुण्याला गेली, तेव्हा तिथं माळी असलेल्या तुझ्या आजोबांनी गाव सोडलं नाही. कोरडवाहू चार एकर, एक बैलजोडी, एवढ्यावर सगळं. नापिकीच्या वर्षी हबक्कूकचं ते शेवटचं वाचायचे, अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आणि रोज रात्री कंदील बारीक करायच्या आधी, आम्ही सगळे ऐकत असताना, दिवसाचा हिशेब मोठ्यानं देवाला द्यायचे. "आज ढवळ्याला विनाकारण चाबूक मारला." "आज शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून नांगराचे दोन तास सरकवले, उद्या परत सोडतो." एकदा तर, "आज सुनेवर ओरडलो, तिची चूक नव्हती." मी तिथंच भांडी पुसत होते! माझ्याकडे पाहिलंही नाही, देवालाच सांगितलं, पण सकाळी चहा त्यांनी स्वतः केला. आणि सांगून झालं की "आमेन" म्हणून कुशीवर वळायचे आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचे. तू त्यांचं ऐकून मोठ्यानं सांगायचास, "देवा, मी सुवार्ताची चिक्की खाल्ली, तिला सांगू नको." सगळं घर हसायचं. आजोबा हसत नसत. म्हणायचे, देवाला सांगितलंस ना, आता तिलाही सांग.

त्यांचं ते घोरणं मला आता फार आठवतं. इतकं खरं बोलून माणसाला इतकी झोप कशी लागत असेल, असं मला तेव्हा वाटायचं. मोजायचं आणि फेडायचं काम आपल्या एकट्याच्या अंगावर नाही, हे त्यांना कळलं होतं. दाविदानं स्तोत्रात देवालाच म्हटलं, तू माझं हृदय शोधून पाहा. तो स्वतःच दिवा घेऊन रात्रभर कोपरे शोधत बसला नाही. तू तेच करतो आहेस असं मला वाटतं. योहानानं लिहिलं आहे की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं, तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. सगळं, म्हणजे खिळ्याला टांगलेला मास्कही आणि टेबलावर ठेवलेल्या बाटल्याही.

प्रकाशचं लिहिणार नव्हते. पण मावशी परवा येऊन गेल्या आणि आम्ही दोघी त्याच्याविषयीच बोललो. तो गेला त्याच्या आधी आम्ही सगळे म्हणत होतो, तो आता शांत झाला आहे. कोणी विचारलंच नाही. म्हणून मी तुला विचारते, आणि विचारत राहीन, तुला राग आला तरी. मनात कधी जीव द्यायचं, तसलं काही येतं का? येत असेल तर मला सांग, रात्री दोनला फोन केलास तरी मी उचलीन, आणि पप्पा निघतील. जोडीदाराला बोलाव, पाळकांना लाव, डॉक्टरकडे जा. देवावर भरवसा ठेवणाऱ्यानं डॉक्टरकडे जाऊ नये असं कुठंच लिहिलेलं नाही. लूक स्वतः वैद्य होता.

यहूदाचं नाव लिहिताना हात अडखळतो. तुझी त्याच्याशी बरोबरी करत नाही, देव जाणतो. पण त्यालाही पस्तावा झाला होता, आशिष. मी पाप केलं असं तो बोलला, 30 नाणी परत नेऊन दिली. ती याजकांना दिली, आणि ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय. प्रभूकडे तो गेलाच नाही. त्याच रात्री पेत्रानंही तीनदा नाकारलं होतं. तो रडला, पण इतरांबरोबर राहिला, त्यांच्यासोबत मासे धरायला गेला, आणि प्रभूनं त्याला किनाऱ्यावर आधी जेवू घातलं, मग विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का.

तू किसनभाऊंच्या सुनेच्या फोनवर पैसे पाठवतोस ते तिनं मला दाखवलं. पाठव, ते पाठवायलाच हवेत, त्यांची मजुरी बुडाली आहे. पण मी गुरुवारी त्यांच्याकडे गेले होते. आता काठी न घेता अंगणात फिरतात. डाव्या डोळ्याला अजून धूसर दिसतं, या महिन्यात पुन्हा दाखवायला न्यायचं आहे. मला म्हणाले, "बाई, पोरगा पैसे कायले पाठोते? घंटाभर येऊन बसला असता तं बरं वाटलं असतं मले." मी म्हटलं, त्याला तुमच्याकडे बघायची हिंमत होत नाही. तर म्हणाले, "मंग त्याले सांगा, माह्या उजव्या डोयात पाहाय, तो चांगला हाय." आणि हसले. मला हसता आलं नाही.

तू आलास आणि ते रागावले, तर ऐकून घे. त्यांचा तो हक्क आहे. पुन्हा पुन्हा माफी मागून त्यांनाच तुझी समजूत काढायला लावू नकोस. जे केलंस ते एकदा नीट सांग आणि पुढे काय करणार ते सांग. डोळ्याचा खर्च, दवाखान्याच्या खेपा, आणि पप्पांशी मी बोलले आहे, पुढच्या हंगामात आपल्या वावरात वारं असताना पंप चालणार नाही आणि मास्क घातल्याशिवाय कोणी आत जाणार नाही, मग बोंडअळी खाईल तेवढं खाऊ दे. यावर पप्पा "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे किती, तुला माहीत आहे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी ये. किसनभाऊ शनिवारी संध्याकाळी घरीच असतात, मी सोबत येऊ का ते तू ठरव. आल्यावर थाळी घेशील की नाही, ते तुझं आणि प्रभूचं, मी मागच्या ओळीतून बघणार नाही. बघेन कदाचित, पण विचारणार नाही.

वेचणी चालू आहे, सुवार्ताची परीक्षा सोमवारपासून आहे, तिच्यासाठी प्रार्थना कर. मी दोघांसाठी करते, तुझ्यासाठी जरा जास्त वेळ.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या खोलीतल्या त्या जोडीदाराचा फोन नंबर आजच पाठव. त्याला मी काही सांगणार नाही, फक्त जवळ असू दे.