ठमीच्या पावलांसाठी काकूंचे आभार

आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार वि. वि.

आपले नाव जाहीर करू नये असे आपण मला बजावले आहे, म्हणून हे पत्र केवळ ‘काकू’ म्हणूनच लिहिते आहे. टोरांटोत कुत्री पाळणारी मराठी कुटुंबे आहेत, आणि भारतातून येताना आपले कुत्रे सोबत आणणारीही आहेत. आपण मला जे शिकवले ते त्यांच्याही उपयोगी पडावे, यासाठी हे आभार उघडपणे मानते आहे.

ठमी ही पुण्याच्या रस्त्यावर जन्मलेली, आखूड केसांची गावठी कुत्री. पुण्याच्या उन्हाळ्यात तिचे पाय कसे जपायचे, हे मला ठाऊक होते. एप्रिल-मे महिन्यांत डांबरावर हात टेकवून पाहायचा, चटका बसला तर तिला रस्त्यावर न्यायचे नाही, आणि फिरणे सकाळी सहाच्या आत उरकायचे, असा आमचा नेम होता. येथे आल्यावर मी तिच्यासाठी जाड अंगरखा घेतला, कानांवर टोपी घेतली, आणि थंडीची सगळी तयारी झाली असे मानले. तिची पावले ज्या जमिनीवर पडणार होती, त्या जमिनीला एकदाही हात लावून पाहिला नाही.

जानेवारीतील ती सकाळ आपल्याला आठवत असेल. तापमान उणे 14 अंश होते. आपल्या इमारतीसमोरच्या फुटपाथवर ठमी मध्येच थांबली, आधी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि शेवटी चक्क खाली बसली. आठवडाभर हेच चालले होते. बर्फ आवडत नाही म्हणून ती हट्ट करते आहे, असे समजून मी तिचा पट्टा ओढत होते, आणि त्या ओढण्याचे मला आजही वाईट वाटते. आपण समोरून आलात, हातमोजा काढलात, बर्फात गुडघा टेकून तिचा पंजा तळहातावर घेतलात आणि एवढेच म्हणालात, “अगं, हट्ट नाही करत ती. पाय चुरचुरतायत तिचे.” बोटांच्या मध्ये बर्फाचे घट्ट खडे बसले होते आणि बर्फ वितळावा म्हणून फुटपाथवर टाकतात त्या मिठाचे दाणे त्यांत अडकले होते. मी ते ओढून काढायला गेले, तेव्हा आपण मला थांबवलेत आणि हाताच्या उबेने ते हळूहळू वितळू दिलेत, कारण ओढले असते तर केस आणि कातडी दोन्ही दुखावली असती. खडे निघाल्यावर पंजाखालच्या गाद्यांच्या मधल्या लाल भेगा मला पहिल्यांदा दिसल्या.

त्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात, कोमट पाण्याच्या परातीशेजारी बसून आपण मला जे समजावलेत, ते इतक्या नेमकेपणाने मला आधी कोणीच सांगितले नव्हते. प्राण्यांच्या दवाखान्यात इतकी वर्षे काम केल्याचा अनुभव त्यामागे होता. मिठामुळे पाणी शून्याखालीही द्रवच राहते, त्यामुळे फुटपाथवरचे ते खारट पाणी बर्फाहून गार असू शकते आणि पंजाला चिकटून राहते. साधे मीठ उणे दहाच्या आसपास फारसे काम करेनासे होते. त्याहून कडक थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरतात, आणि ते पाण्यात विरघळताना उष्णता सोडते. भेगाळलेल्या कातडीवर ते पडले तर आग होणारच. कुत्रा मग पाय चाटतो आणि ते सगळे पोटात जाते. ठमीला त्या आठवड्यात दोनदा उलटी झाली होती आणि मी तिचे खाणे बदलून पाहत होते. नुसत्या थंडीपुरती कुत्र्याच्या पायांत निसर्गानेच एक सोय केलेली आहे, हेही आपल्याकडूनच कळले. पंजात रोहिणी आणि नीला इतक्या जवळून जातात की आत येणारे गरम रक्त परतणाऱ्या गार रक्ताला ऊब देते. जपानी संशोधकांनी 2011 मध्ये ही रचना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. मिठापुढे मात्र या सोयीचा काही उपयोग नाही, आणि ठमीसारख्या आखूड केसांच्या कुत्रीला कडाक्याच्या थंडीत फार वेळ बाहेर ठेवायचे नाही, हेही आपण लगेच बजावलेत.

बुटांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझी सर्वांत मोठी चूक तेथेच झाली होती. एका दुकानात अंदाजाने घेतलेले चार बूट दुसऱ्याच फेरीत बर्फात हरवले होते, आणि बूट हे नुसते थेर आहेत असे माझे मत झाले होते. आपण ठमीला कागदावर उभे करून, पंजावर तिचे वजन पडलेले असताना पेन्सिलीने कड काढलीत. पंजा उचलून मोजला तर माप लहान येते, कारण वजन पडल्यावर बोटे पसरतात. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे निघाले, म्हणून दोन मापांचे बूट घ्यावे लागले. ते आधी घरातच, पाच-पाच मिनिटे, पनीरच्या तुकड्यांच्या आमिषाने घालायला लावलेत. अलास्कातील इडिटारॉड या कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या, शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट बाळगणे नियमानेच बंधनकारक आहे, असे आपण सांगितलेत, तेव्हा माझा उरलासुरला संकोच गेला. बर्फात जन्मलेल्या, बर्फातच धावणाऱ्या कुत्र्यांना जे लागते, ते माझ्या पुणेरी ठमीला नको असे मी कशाच्या आधारावर ठरवले होते?

ज्या दिवशी बूट नको असतात, त्या दिवशी मेण लावायचे. माझी आई टाचांच्या भेगांना कोकमाचे तेल लावते, ते चालेल का, असे मी विचारले होते. आपण हसला नाहीत. तेल ती चाटून टाकेल आणि पंजावर थर टिकणार नाही, असे सांगून स्लेजच्या कुत्र्यांसाठी कॅनडातच तयार झालेल्या ‘मशर्स सीक्रेट’ मेणाची आपली डबी माझ्या हातात दिलीत. बाहेर पडण्यापूर्वी गाद्यांवर आणि बोटांच्या मध्ये त्याचा पातळ हात फिरवायचा, परतल्यावर पाय कोमट पाण्याने धुवायचे (गरम पाण्याने नव्हे, कारण बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही) आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, हा क्रम आता माझ्या हातात बसला आहे.

तळघरातील गाड्यांच्या जागेत सांडलेल्या हिरवट पाण्यापासून आपण ठमीला झटक्यात मागे ओढले होते, त्याचेही आभार मानायचे राहून गेले. ते अँटीफ्रीझ होते, म्हणजे इंजिनातील पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव्य; त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते, ते चवीला गोड लागते आणि थोडे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी करते. तसे झाल्यास लक्षणांची वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा, हे तोवर मला माहीतच नव्हते. आणि इमारतीच्या व्यवस्थापनाला दोनदा पत्रे लिहून प्रवेशद्वाराच्या उतारावर मिठाऐवजी वाळू टाकायला लावलीत, ते तर आपल्याकडे आता स्वतःचे कुत्रे नसताना. त्या उतारावरून रोज जाणाऱ्या सगळ्याच कुत्र्यांच्या वतीने मी हे लिहिते आहे.

ठमीच्या भेगा तीन आठवड्यांत भरून आल्या. आता घरी परतल्यावर ती स्वतःहून परातीपाशी जाऊन उभी राहते आणि आधी पुढचा उजवा पंजा उचलून देते, कारण त्या सकाळी आपण पहिल्यांदा तोच हातात घेतला होता.

आपली नम्र,
आठव्या मजल्यावरची शेजारीण