परदेशातील मुलाचे पालकत्व: आधी संस्था पारखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील गरीब मुलांचे 'पालकत्व' घेण्याविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. दरमहा ठरावीक रक्कम देऊन दूरदेशीच्या एखाद्या मुलाच्या शिक्षणाला हातभार लावावा, हे त्यातील आवाहन मला मनापासून पटते, कारण मी स्वतः गेली अकरा वर्षे असे पालकत्व निभावत आहे. मात्र मूल कसे निवडावे यावर त्या लेखात चार परिच्छेद खर्ची पडले आहेत आणि संस्था कशी निवडावी यावर 'नामांकित संस्था निवडावी' एवढे एकच वाक्य आहे. सगळा घोळ नेमका त्या एका वाक्यात होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून हे पत्र.

पहिल्या खेपेस मीही चेहरा पाहूनच निर्णय घेतला होता. कार्डावर आठ वर्षांच्या एका मुलीचे छायाचित्र होते, आणि ते पाहिल्यावर संस्थेचा ताळेबंद मागण्याचे मला सुचलेसुद्धा नाही. तिचे पत्र वर्षातून एकदा येई. दुसरे पत्र आले तेव्हा सहज म्हणून पहिले काढून त्याच्या शेजारी ठेवले. 'मला गणित आवडते, मी आईला पाणी भरायला मदत करते' ही वाक्ये दोन्ही पत्रांत त्याच क्रमाने आणि त्याच सराईत, प्रौढ अक्षरात होती. मधे चौदा महिने लोटले असूनही दोन्हींत मुलीचे वय नऊच लिहिलेले होते. मी संस्थेला विचारणा केली. पाच आठवड्यांनी उत्तर आले ते आभाराचे, आणि सोबत तिच्या वाढदिवसासाठी वेगळी देणगी पाठवण्याची विनंती. चौथ्या वर्षी आणखी एक लिफाफा आला. मुलीचे कुटुंब स्थलांतरित झाल्याने ती आता कार्यक्रमात नाही, असे त्यात दोन ओळींत कळवले होते आणि त्याच लिफाफ्यात दुसऱ्या एका मुलीचे कार्ड तयार होते. ती नेमकी कधी गेली, तिची शाळा सुटली का आणि मधल्या काळातले माझे पैसे कोणासाठी वापरले गेले, हे दोनदा विचारूनही मला आजतागायत कळलेले नाही.

संस्थेचे नाव मी देत नाही, कारण प्रश्न एका संस्थेपुरता नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधमालिकेसाठी 'शिकागो ट्रिब्यून' या अमेरिकी वृत्तपत्राने आपल्या माणसांकरवी चार नामवंत संस्थांमार्फत बारा मुलांचे पालकत्व घेतले आणि नंतर त्या मुलांचा प्रत्यक्ष शोध घेतला. त्यांपैकी माली देशातील एक मुलगी मरण पावून बराच काळ लोटला होता, तरी तिच्या नावाने देणगी घेतली जात होती. तेव्हा केवळ नावावर विसंबणे किती अपुरे आहे, हे वेगळे सांगायला नको.

संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते असा: माझे पैसे या मुलाच्या हाती पडतात की गावाच्या कामात मिसळतात? १९३७ मध्ये स्पॅनिश यादवी युद्धातील निराधार मुलांसाठी ही पद्धत राबवली गेली तेव्हा एक देणगीदार आणि एक मूल असे थेट नाते जोडण्याची कल्पना होती. आज बहुतेक मोठ्या संस्था सर्व देणग्या एकत्र करून शाळा, पाण्याची सोय, लसीकरण, पालकांचे प्रशिक्षण अशा सामाईक कामांवर खर्च करतात. मला यात काहीच गैर वाटत नाही, उलट हेच अधिक शहाणपणाचे वाटते. एकाच वर्गातल्या एका मुलाला दप्तर मिळावे आणि शेजारच्याला मिळू नये, याने भले कमी आणि हेवा अधिक होतो. आक्षेप आहे तो एवढाच की, जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'या मुलीचे आयुष्य बदला' असे म्हणायचे आणि पैसे सामाईक निधीत जातात ही गोष्ट बारीक टायपात कुठेतरी तळाशी छापायची. जी संस्था हे पहिल्याच पानावर सांगते, तिच्याकडे माझा ओढा असतो.

नोंदणी तपासणे सोपे आहे, तरी फार थोडे लोक ते करतात. इंग्लंड आणि वेल्समधील संस्थांची नोंद तेथील चॅरिटी कमिशनकडे, तर ऑस्ट्रेलियातील संस्थांची त्या देशाच्या धर्मादाय आयोगाकडे पाहता येते. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या संस्थांना करखात्याकडे दरवर्षी 'फॉर्म ९९०' भरावा लागतो आणि तो कोणालाही वाचता येतो. त्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगारही असतात. नोंदणी क्रमांक जाहिरातीतील दुव्यावरून न तपासता नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतः शोधावा, कारण हुबेहूब नाव धारण करणाऱ्या बनावट संस्था नेमक्या याच आळसावर जगतात. काही धार्मिक संस्थांना अशा विवरणांतून सूट असते; अशी संस्था आपण होऊन लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध करते का, हे पाहावे.

हिशेबाविषयी एक गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. शंभरातले किती रुपये 'प्रत्यक्ष मुलांपर्यंत' पोहोचतात, या एकाच आकड्यावर संस्थांची तुलना करण्याची आपल्याला सवय लागली आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन मूल्यमापन संस्थांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून हा निकष अपुरा असल्याचे सांगितले. कार्यालयीन खर्च कमी दिसावा म्हणून निधी उभारण्याच्या मोहिमेचा काही भाग 'जनजागृती' या नावाखाली दाखवता येतो. मिळालेल्या औषधांची किंवा कपड्यांची किंमत वाढवून धरली की कामाचा आकडा आपोआप फुगतो. उलट मुलांच्या सुरक्षेसाठी प्रशिक्षित माणसे नेमणे, पत्रांचे भाषांतर करणे, गावोगावी जाऊन मूल शाळेत आहे की नाही याची खातरजमा करणे, यांवर पैसे खर्च होणारच. माझ्या पहिल्या संस्थेने हा खर्च केला असता, तर ती मुलगी गाव सोडून गेल्याचे निदान त्याच वर्षी कळले असते.

या पद्धतीने खरोखर काही भले होते का, ही शंका अनेकजण घेतात आणि ती रास्त आहे. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये कम्पॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेच्या सहा देशांतील कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १०,१४४ व्यक्तींची माहिती त्यात होती आणि पालकत्व लाभलेल्या मुलांची तुलना त्यांच्याच घरातील, कार्यक्रम गावात आला तेव्हा वय उलटून गेलेल्या भावंडांशीही केली होती. पालकत्व लाभलेली मुले सुमारे एक ते दीड वर्ष अधिक शिकली होती. मला हा निष्कर्ष फार दिलासा देणारा वाटतो. पण तो एका संस्थेच्या एका पद्धतीविषयी आहे. इतरांनी त्याचा दाखला देऊन आपली झोळी पुढे करावी, हे बरोबर नाही. प्रत्येक संस्थेला विचारावे की, तुमच्या कामाचे बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेले मूल्यमापन कोठे वाचायला मिळेल आणि त्यात काय फसले असे आढळले?

याच संस्थेच्या बाबतीत आणखी एक प्रश्न समोर आला. परदेशी निधीबाबत भारत सरकारने निर्बंध घातल्यानंतर २०१७ मध्ये तिला भारतातील काम बंद करावे लागले आणि सव्वा लाखाहून अधिक मुलांचा आधार एकाएकी तुटला. त्या वादात कोण बरोबर होते, हा या पत्राचा विषय नाही. परंतु संस्थेला देश सोडावा लागला, किंवा उद्या माझीच नोकरी जाऊन देणगी थांबली, तर त्या मुलाचे काय होणार, याचे लेखी उत्तर आधी मिळाले पाहिजे. तसेच शिकवणीला किंवा जेवणाला बसण्यासाठी मुलाला एखाद्या प्रार्थनेत सहभागी व्हावे लागते का, हेही स्पष्ट विचारावे. धर्मप्रेरित संस्थेला देणगी द्यायला माझी हरकत नाही, पण ते देणगीदाराला ठाऊक असावे आणि मुलाच्या कुटुंबावर सक्ती नसावी.

अनाथाश्रमातील मुलाचे पालकत्व घेण्याबाबत मी विशेष सावध राहीन. जगभरच्या अनाथाश्रमांतील बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात असतो, हे 'सेव्ह द चिल्ड्रन'सारख्या संस्थांनी वारंवार मांडले आहे. देणग्या येतात म्हणून आश्रम भरण्यासाठी मुले गोळा केली जातात, आणि ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या चर्चेत हा विषय मुलांच्या तस्करीचा प्रकार म्हणून पुढे आला होता. जी संस्था मुलाला त्याच्या घरात ठेवून घराला आधार देते, ती मला केव्हाही अधिक विश्वासार्ह वाटते.

शेवटचा मुद्दा बहुतेकांना उलटा वाटेल. मुलाचा पत्ता, शाळेचे नाव, आईचा फोन नंबर देणारी संस्था पारदर्शक वाटते; प्रत्यक्षात तिचीच भीती बाळगावी. माझ्यासारख्या अनोळखी परदेशी माणसाला जो पत्ता सहज मिळतो, तो वाईट हेतूच्या माणसालाही मिळेल. पत्रे कार्यालयामार्फत जाणे, ती आधी वाचली जाणे, भेटीस जायचे तर पोलीस पडताळणी मागितली जाणे, समाजमाध्यमांवर थेट संपर्कास मनाई असणे, या गोष्टी मला पूर्वी खटकत. आता त्या नसतील तर मी पुढे जात नाही.

सात वर्षांपूर्वी दुसरी संस्था निवडताना मी हे सगळे प्रश्न आधी पाठवले. नऊ दिवसांत उत्तर आले. दोन प्रश्नांवर त्यांनी सरळ लिहिले होते की, याचे मूल्यमापन आम्ही अजून केलेले नाही. त्या दोन वाक्यांवरच मी निर्णय घेतला. मुलाचे कार्ड त्यानंतर मागवले. त्या मुलाचे पहिले पत्र आले तेव्हा त्याच्या तळाशी छापील ओळ होती: 'हा मजकूर मुलाने सांगितला, कार्यकर्त्याने लिहिला, चित्र मुलाचे स्वतःचे आहे.' चित्रात एक बकरी होती आणि तिला पाच पाय होते.

आपली,
एक नियमित वाचक