टपावर सोलर, तरी सेल्फ लागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. तोरणमाळ, पाटणादेवी किंवा सारंगखेड्याची यात्रा अशा ठिकाणी गाडीतच मुक्काम करायचा म्हणून टपावर सोलर पॅनल बसवून घेणाऱ्यांसाठी हे पत्र आहे. आतले दिवे, पंखे, फ्रिज त्यावर व्यवस्थित चालतात. पण हीच गाडी उन्हाळ्यात महिनाभर दारात उभी राहिली की किल्ली फिरवल्यावर सेल्फ नुसता ‘टक’ करतो. टपावर दिवसभर ऊन तापतं आणि खाली इंजिनाची बॅटरी उतरलेली असते.

याचं कारण साधं आहे. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात आणि सोलर कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा) बहुतेक वेळा फक्त आतल्या, म्हणजे घरवापराच्या बॅटरीला जोडलेला असतो. सेल्फच्या बॅटरीकडे त्यातलं काहीच जात नाही. गाडी बंद असली तरी जीपीएस, सेंट्रल लॉक, टेप, इंजिनाचा कंट्रोल युनिट मिळून ३० मिलिअँपिअरच्या आसपास करंट ओढत राहतात. दिवसाला पाऊण अँपिअर-अवर धरला तरी महिन्यात २१-२२ जातात. ८० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा हा चौथा हिस्सा झाला. त्यात आपल्याकडचा मे महिना. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. १२.४ व्होल्टच्या खाली ती बरेच दिवस राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं, आणि मग कितीही चार्ज केली तरी पहिली ताकद येत नाही.

यावर सर्रास केला जाणारा उपाय सगळ्यात धोक्याचा आहे: दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हमध्ये एक वायर टाकून देणं. डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना दोन-तीनशे अँपिअर ओढतो. त्यातला वाटा आतल्या बॅटरीकडून त्या अडीच एमएमच्या वायरीतून येतो, वायर तापते, इन्सुलेशन वितळतं आणि आतली उघडी तार पत्र्याला टेकली की आग. मध्ये स्विच लावला तरी तो बंद करायचा राहतो आणि रात्री फ्रिज दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या करतो. व्होल्टेज पाहून दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच, म्हणजे रिले, जुन्या लेड-ॲसिड जोडीला चालतो. तो १३.३ व्होल्टच्या आसपास जोडतो आणि १२.८ ला सोडतो. आतली बॅटरी लिथियम असेल तर तो घेऊ नये, कारण लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी नुसती पडून असतानाही १३.३ दाखवते आणि रिले सुटतच नाही. पॅनल थेट सेल्फच्या बॅटरीला जोडणं तर अगदी चूक. १०० वॅटच्या पॅनलचं उघडं (काही न जोडलेलं असतानाचं) व्होल्टेज २२ पर्यंत जातं आणि बॅटरीचं पाणी उकळून उडतं.

खात्रीचे रस्ते दोन. नवीन कंट्रोलर घ्यायचा असेल तर दुसऱ्या बॅटरीसाठी वेगळं आउटपुट असलेला घ्यावा. जुना ठेवायचा असेल तर दोन बॅटऱ्यांच्या मध्ये छोटा मेंटेनर बसवावा. आतल्या बॅटरीचं व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर असेल तेव्हाच तो अँपिअरभर करंट पुढे देतो आणि उलट येऊ देत नाही. लिथियमसाठी ही पातळी बदलता येणारा मेंटेनर हवा. उन्हाचे पाच तास धरले तर रोज पाच अँपिअर-अवर मिळतात, गरज एकाचीही नसते. मात्र पूर्ण बसलेली बॅटरी याच्यावर उठवत बसू नये. ती आधी चार्जिंगच्या दुकानात द्यावी, ८० च्या बॅटरीला ८ अँपिअरने.

मेंटेनरच्या जोडणीत वायर अडीच एमएमची तांब्याची पुरते. सहा मीटर अंतरात एका अँपिअरला जेमतेम दशांश व्होल्ट पडतो. फ्यूज दोन हवेत, ५ अँपिअरचे, प्रत्येक बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. एकच फ्यूज टाकून भागवलं जातं, पण करंट दोन्ही टोकांकडून येऊ शकतो, मध्ये वायर घासली तर बिनफ्यूजची बाजू जळते. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर असतो, तिथे अर्थिंग चॅसिसला द्यावं, टर्मिनलला नाही. लग (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) पंचानेच दाबावेत, पिळून टेप गुंडाळलेला जोड धक्क्यांनी ढिला होतो. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल.

खानदेशात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते तापमानाकडे. चार्जिंगचे कंपनीचे आकडे, म्हणजे बॅटरी पूर्ण भरताना १४.४ व्होल्ट आणि भरल्यावर टिकवून ठेवताना १३.६, हे २५ अंशांचे असतात. जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर गेला की १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात, म्हणजे जवळजवळ अर्धा व्होल्ट. १३.६ चे १३.१ होतात. कंट्रोलरला तापमान सेन्सर नसेल तर बॅटरी रोज थोडी थोडी उकळते आणि पाऊस येईपर्यंत प्लेटा उघड्या पडतात. म्हणून तापमान सेन्सर बॅटरीच्या अंगालाच चिकटलेला हवा, कंट्रोलरजवळ लोंबकळत नको. आतली बॅटरी लिथियम असेल तर तिचे १४.४ जसेच्या तसे पुढे सोडणारा मेंटेनरही नको, स्वतःचं आउटपुट मर्यादेत ठेवणारा हवा. कंट्रोलरमधलं ‘इक्वलायझेशन’, म्हणजे मधूनमधून मुद्दाम जादा व्होल्टेज देणं, बंद ठेवावं. झाकणाच्या बॅटरीत उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी पाहावं आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावं. आरओचं पाणी चालत नाही.

सोलर बसवून देणाऱ्या दुकानदारांना विनंती आहे की कोटेशनमध्ये सेल्फच्या बॅटरीची जोडणी स्वतंत्र लिहावी: मेंटेनर, दोन फ्यूज, तापमान सेन्सर. ग्राहकाला हे मागायचं असतं हेच माहीत नसतं. आणि गाडी ताब्यात घेताना ग्राहकाने मल्टिमीटर कंट्रोलरवर नव्हे, सेल्फच्या बॅटरीच्या टर्मिनलवर लावून घ्यावा. सकाळी ऊन लागण्याआधी १२.६ आणि दुपारी १३ च्या वर दिसलं तर काम बरोबर आहे. दोन्ही वेळा आकडा तोच राहिला तर आधी फ्यूज आणि अर्थिंग तपासायला सांगावं, बॅटरी बदलायला नंतर.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, भुसावळ